चोवीस विहिरींचं पाणी

वाचणाऱ्याने आधीच मला सांभाळून घ्यावं. माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकतात, जोडाक्षर आलं की पेन अडतो, आणि अक्षर असं की ओल्या पायांची कोंबडी पानावरून गेल्यासारखं. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. हे कुणाला दाखवायचं नाही, म्हणून तर लिहायचा धीर झाला. वहीसुद्धा माझी नाही. कॉलेजात मुलं वर्ष संपलं की प्रॅक्टिकलच्या जर्नल टाकून जातात. उजवं पान रेघांचं आणि भरलेलं, डावं पान आकृतीसाठी कोरं. निम्म्या मुलांनी आकृत्या काढलेल्याच नसतात. त्या कोऱ्या पानांवर मी लिहिते आहे.

लिहायचं आहे ते आमच्या बाईंबद्दल. उल्हासनगरच्या ज्या कॉलेजात मी कंत्राटावर झाडूपोछाचं काम करते, तिथल्या जिऑलॉजीच्या त्या मुख्य होत्या. जिऑलॉजी म्हणजे दगड, माती आणि जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास. मला आधी वाटायचं, एवढी मोठी मुलं दगडांची परीक्षा देतात म्हणजे काय! मुलं त्यांना मॅडम म्हणत, मी बाई म्हणायची. मला सगळे मावशी म्हणत, फक्त बाई नावाने हाक मारत आणि अहो-जाहो करत. त्या सगळ्यांनाच अहो-जाहो करत. पहिल्या वर्षाच्या पोरालाही, दारातल्या कुत्र्यालाही. "अहो, जरा बाजूला बसा," असं कुत्र्याला म्हणत आणि ते उठून बाजूला बसायचं.

दगडालाही तोच मान. टेबलावर काळा दगड ठेवून मुलांना सांगत, "हे गृहस्थ साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आले, तेव्हापासून इथेच आहेत. यांच्याशी जरा अदबीने."

बाईंनी लग्न केलं नव्हतं. गळ्यात काळ्या गोफात एक भिंग असायचं, घडीचं, अंगठ्याएवढं. साडीवर ते मंगळसूत्रासारखंच दिसायचं. लांबून बघणाऱ्या बायका फसत आणि जवळ आल्यावर गोंधळत. पर्समध्ये हातोडी. कंगवा नाही, पण हातोडी. एकदा स्टाफच्या बायकांनी संक्रांतीचं हळदीकुंकू केलं, तेव्हा प्रत्येकीने वाणात काहीतरी आणलं, कुणी वाटी, कुणी गाळणी. बाईंनी सगळ्यांना कागदाच्या पुडीत एकेक खडा दिला. अंबरनाथच्या पलीकडच्या खाणीत काळ्या दगडाच्या पोकळीत सापडतो तसा, पांढरा, काड्याकाड्यांचा. ऑफिसातली एक जण माझ्या कानाशी म्हणाली, "वाणात दगड दिला गं बाई! घरी नेऊन पुजू का काय करू?" मी कपबशा उचलायला लागले. मी कधीच काही बोलत नसे. लोकांसमोर माझा आवाज घशातच राहतो, लहानपणापासून.

बाईंकडे कुणी नवं माणूस आलं की आपण विचारतो तसं त्या "गाव कुठलं?" असं विचारत नसत. "पाणी कुठलं पिता?" असं विचारत. नळाचं का बोअरचं, किती फुटांवर लागलं, उन्हाळ्यात चव बदलते का. प्राचार्यांच्या मुलीच्या लग्नात मांडवातल्या आचाऱ्याला त्यांनी हेच विचारलं. तो बिचारा घाबरला. त्याला वाटलं, कुणाला जुलाब झाले.

आणि कुणी "सगळं मातीत गेलं" म्हणालं, की त्या मान वर न करता विचारत, "कुठल्या मातीत? रंग सांगा."

आता माझी चूक.

त्या वर्षी एम.एस्सी.ला प्रणाली नावाची मुलगी होती. अंबरनाथची, वडील रिक्षा चालवणारे. तिचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प पर्यावरणाच्या जिऑलॉजीवर होता. कारखान्यांच्या पट्ट्याजवळच्या वस्तीतल्या विहिरींचं आणि बोअरचं पाणी पावसाआधी कसं असतं आणि पावसानंतर कसं होतं, हे तपासायचं. मे महिन्याच्या शेवटी, उन्हात, तिने चोवीस ठिकाणचं पाणी चोवीस बाटल्यांत आणलं. प्रयोगशाळेत मागच्या बाकाखाली एका क्रेटमध्ये ठेवलं. तपासणी बाहेरच्या लॅबमध्ये व्हायची होती, नंबर लागायला वेळ होता. दरम्यान कॉलेजला सुट्टी. जूनमध्ये पाऊस सुरू झाला.

कॉलेज उघडायच्या आधी आम्हाला साफसफाईला बोलावलं. मी बाक ओढला आणि खाली क्रेट दिसला. बाटल्यांतलं पाणी गढूळलेलं, दोन बाटल्यांच्या तळाला हिरवट काहीतरी बसलेलं.

आमच्या बदलापुरात ज्यांनी पाण्याचे दिवस काढलेत त्या बायकांना हे समजेल. बेलवलीला आमच्याकडे पाणी एक दिवस आड यायचं. पाणी आलं की पहिलं काम म्हणजे शिळं पाणी ओतायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं. शिळं पाणी घरात ठेवणं म्हणजे बाईमाणसाला कमीपणा. सासूबाई हंडा हलवून, वास घेऊन सांगायच्या की हे परवाचं. माझे हात पंचवीस वर्षं तेच करत आलेत. त्या हातांनी त्या दिवशीही तेच केलं. वाया मात्र घालवलं नाही. चोवीसही बाटल्या पायरीजवळच्या चाफ्याला ओतल्या, बाटल्या ब्रशने घासल्या, चिकटवलेले कागद नखाने काढले आणि खिडकीत उपड्या घालून वाळवल्या. ओळीने ठेवल्यावर इतक्या छान दिसत होत्या!

कागदांवर आकडे होते, हे मी पाहिलं होतं. खोटं कशाला बोलू. एकदा मनात आलं की बाईंना फोन करून विचारावं. फोन हातात घेतला. पण सुट्टीत एवढ्या मोठ्या माणसाला बाटल्यांसाठी कसा फोन करायचा, म्हणून लाजेने ठेवून दिला.

चार दिवसांनी बाई आणि प्रणाली आल्या. प्रणालीने खिडकी पाहिली, क्रेट पाहिला, परत खिडकी पाहिली. "मावशी, यातलं पाणी कुठाय?" मी सांगितलं, फोन हातात घेऊन लाजेने ठेवल्याचंही. ती मटकन खाली बसली. रडलीसुद्धा नाही. नुसती म्हणत राहिली, "आता मे कुठून आणू? मॅडम, आता मे कुठून आणू मी?"

तिचं काय जात होतं ते मला नंतर समजलं. पाऊस एकदा जमिनीत मुरला की उन्हाळ्याचं पाणी परत मिळत नाही, पुढच्या मेपर्यंत. म्हणजे तिचं एक वर्ष गेलं. आणि वडिलांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, यंदा काय ते संपव, पुढच्या वर्षी भावाची फी आहे, दोघांचं मला झेपणार नाही. म्हणजे वर्ष नाही, तिचं शिक्षणच मी चाफ्याला घातलं होतं.

बाई माझ्याकडे वळल्या. मला वाटलं आता कामावरून काढतात. त्यांनी विचारलं, "सगळं एकाच झाडाला घातलंत?"

"हो."

"मग त्या चाफ्यात आता चोवीस विहिरी आहेत," त्या म्हणाल्या आणि स्टुलावर बसून बराच वेळ भिंग उघडत-मिटत राहिल्या.

प्रयोगशाळेचे शिंदेमामा तिथेच होते. मामा स्वभावाने वाईट नव्हते, पण प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे शॉर्टकट. म्हणाले, "मॅडम, टेन्शन काय घेताय? नळाचं पाणी भरू, चिमूटभर मीठ टाकू, कुठे जास्त, कुठे कमी. वर नंबर. आहे काय त्यात? कोण बघायला येतंय?"

बाईंनी शांतपणे विचारलं, "मामा, तुमची शुगर किती?"

"माझी? दोनशे ऐंशी निघाली मागल्या खेपेला."

"पुढच्या खेपेला प्रणालीचं रक्त पाठवू. नॉर्मल येईल. मग खा जिलब्या."

मामा फडकं घेऊन बाक पुसायला लागले.

दोन दिवसांनी प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. मी दाराशी उभी. प्राचार्य भला माणूस, माझी बाजूच घेतली. म्हणाले, "जाऊ द्या हो मॅडम. चौथी शिकलेली बाई, तिला काय कळतं!"

मला माफी मिळत होती. तरी ते वाक्य ऐकून मला इतकं वाईट वाटलं, जितकं शिवी ऐकूनही वाटलं नसतं. इतकी वर्षं मी तेच स्वतःला सांगत आले होते, पण दुसऱ्याच्या तोंडून, तेही मायेने, ऐकलं तेव्हा जमिनीत जावंसं वाटलं.

बाई म्हणाल्या, "त्यांना कळतं. त्यांना विचारायची लाज वाटली. ती वेगळी गोष्ट आहे."

बाहेर आल्यावर व्हरांड्यात थांबल्या आणि मला हिशेब सांगितला, जणू वर्गात शिकवताहेत. पावसाआधीचं गेलं. आता पावसानंतरचं आणि हिवाळ्यातलं, असे दोन वेळचे नमुने घ्यायचे, तुलना ती करायची. पहिल्या चोवीसचे पैसे लॅबला आधीच भरलेले, ते परत मिळणार नाहीत. म्हणजे चोवीस तपासण्या जास्तीच्या. एका बाटलीचे सहाशे. चौदा हजार चारशे.

"बाटल्यांवर 'ओतू नये' असं मी लिहून ठेवलं नव्हतं. ती माझी चूक. तुम्ही न विचारता ओतलंत, ती तुमची. अर्धे माझे, अर्धे तुमचे. तुमच्या वाट्याला सात हजार दोनशे. दर महिन्याला किती जमेल?"

माझ्या तोंडून निघालं, "दोनशे."

"छत्तीस महिने. चालेल," असं म्हणून त्यांनी डोंगरावर न्यायच्या खाकी वहीत लिहून घेतलं.

घरी सांगितलं तर आमचे हे भडकलेच. "लाखभर पगार घेणारी बाई तुझे दोनशे घेणार? लाज नाही वाटत तिला? आणि तू हो म्हणून आलीस?"

"हो म्हणाले."

"का पण?"

 मी भाकऱ्या थापत राहिले. पण त्या दिवशी, प्रणाली मटकन बसली तेव्हापासून पहिल्यांदा, मला घास गिळता आला.

बाईंनी आणखी एक शिक्षा दिली, ती पैशांपेक्षा अवघड होती. रोज एक प्रश्न विचारायचा. "आधी प्रश्न, मग फडकं," त्या म्हणाल्या. पहिल्या दिवशी मी दारात दहा मिनिटं उभी. शेवटी विचारलं, "बाई, चहा आणू?"

"हा मोजायचा नाही."

दुसऱ्या दिवशी डोळे मिटून विचारलं, "बाई, तुम्ही दगड चाटता का?"

कारण त्या खरंच चाटत. कामाला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी ते पाहिलं होतं आणि घरी येऊन सांगितलं होतं, आमच्या बाईंच्या डोक्यावर परिणाम आहे. दगड फोडायचा, ताज्या बाजूला जीभ लावायची, मग भिंग लावून बघायचं.

बाई एवढ्या खूश झाल्या की काम सोडून उठल्याच. "ओला केला की रंग उजळतो, कण नीट दिसतात. आणि चिकणमाती असेल तर जिभेला ओढून धरते. बघा." त्यांनी एक पांढुरका तुकडा माझ्या हातात दिला. मी लाजत पदराआड केला आणि जीभ लावली. खरंच चिकटली.

"मग पाणी का नाही लावत?" मी विचारलं.

"डोंगरावर पाणी प्यायला पुरत नाही हो. आणि हा आजचा दुसरा प्रश्न झाला. उद्याचा नका धरू, बोनस."

मग मला सवय लागली. रात्री भांडी घासताना मी उद्याचा प्रश्न शोधायची. डोंगर वरून सपाट का? खाणीतल्या दगडाला भोकं कशी पडतात? एकाच गल्लीत एका विहिरीचं पाणी गोड आणि तीस पावलांवर बोअरला मचूळ, असं का?

ह्या शेवटच्याला त्यांनी चप्पल काढून स्वतःची टाच दाखवली. बाईंच्या टाचांना उन्हातान्हात फिरून भेगा पडलेल्या. "आपल्याकडचा काळा दगड असा आहे. आत पाणी धरत नाही, भेगेतनं वाहतं फक्त. एक भेग डोंगराकडून आली तर पाणी गोड. शेजारची नाल्याकडून आली तर संपलं. वरून काही कळत नाही." मी इतक्या ठिकाणी काम केलं, कुणी मला स्वतःची टाच दाखवून काही शिकवलं नव्हतं.

एकदा मी धीर करून विचारलं, "बाई, तुम्ही लग्न का केलं नाही?"

"हा प्रश्न जिऑलॉजीचा नाही," त्या म्हणाल्या, आणि दगडावर नंबर घालता घालता, "विचारलंत ते बरं केलंत पण. कुणी विचारत नाही, सगळे आपापसांत ठरवून टाकतात." 

प्रणाली माझ्याशी चार महिने बोलली नाही. समोरून आली की मोबाइलमध्ये बघायची. तिचं बरोबर होतं. पण ऑक्टोबरात नमुने घ्यायची वेळ आली तेव्हा बाईंनी फर्मान काढलं, "या तुमच्याबरोबर येतील."

"मॅडम, यांना बाटल्यांजवळ नको ना!"

"यांच्याइतकी बाटली स्वच्छ कोण धुतं? आणि एकदा चुकलेलं माणूस परत तिथे चुकत नाही. न चुकलेल्याची मला भीती वाटते."

मग दोन दिवस आम्ही दोघी त्या वस्तीत फिरलो. ज्या विहिरीचं पाणी, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची, वर हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, झाकणाला टेप, मग नंबर. पहिल्या दिवशी प्रणाली माझ्या हाताकडे पोलिसासारखी बघत होती. पण दारादारात बायका तिला उभं करत नव्हत्या. "कशाला पायजे पाणी? पालिकेची का तू? बिल वाढवणार?" असं चाललं होतं. मी लाजरी, पण बोअरच्या हापशावर उभ्या असलेल्या बाईशी काय बोलायचं हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "ताई, हंडा भरून घ्या तुमचा, आम्ही नंतर घेतो." मग मीच तिचा हापसा मारला. हंडा भरेपर्यंत तिने सगळं सांगितलं. उन्हाळ्यात पाण्याला फेस येतो, डाळ शिजत नाही, शेजारणीने बोअर सोडून दिला. प्रणाली घाईघाईने लिहून घेत होती. चौदाव्या विहिरीवर तिने मला तिच्या डब्यातला अर्धा पराठा दिला. 

जानेवारीतल्या फेरीला ती मला "चला, पार्टनर" म्हणाली.

बाईंनी विद्यापीठात तीन खेपा घालून तिला मुदत मिळवून दिली. एका खेपेला प्रणाली सोबत गेली होती. परत आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "मावशी, मॅडमनी अर्जात काय लिहिलं माहितेय? 'नमुने माझ्या निष्काळजीपणामुळे नष्ट झाले.' माझ्या म्हणजे त्यांच्या. तुमचं नावच नाही. तिथला साहेब काय काय बोलला त्यांना, त्या वयाच्या बाईला! त्या नुसत्या हो म्हणत होत्या."

त्या महिन्याचे दोनशे मी त्यांच्यापुढे धरले. मला वाटलं, आता तरी त्या नको म्हणतील, मीही आता रडून पाया पडीन. त्यांनी नोट घेतली, उजेडात धरून पाहिली, वहीत लिहिली आणि विचारलं, "आजचा प्रश्न?"

प्रणालीचा प्रकल्प झाला. सहा महिने उशिरा, पण झाला. वडिलांनी तेवढं ओढून नेलं. आज ती पाणी तपासायच्या एका लॅबमध्ये नोकरीला आहे आणि भावाच्या फीला हातभार लावते.

प्रकल्पात चोवीसांपैकी सात ठिकाणचं पाणी पिण्यालायक नाही असं निघालं. बाकीचे लोक इथे थांबले असते. बाई रंगाचा डबा घेऊन वस्तीत गेल्या, मी ब्रश धरायला. त्या सात जागी त्यांनी लाल गोल काढला आणि बायकांना समजावलं, ह्याने भांडी धुवा, कपडे धुवा, पण पिऊ नका, अन्नात घालू नका.

एक म्हातारी तोंडावर म्हणाली, "मग प्यावं काय? तुझा रंग?"

बाईंनी डब्याचं झाकण लावलं.  परत येताना रिक्षात म्हणाल्या, "बरोबर बोलल्या त्या. आम्ही दुखतं कुठे तेवढं सांगतो."

आठ दिवसांत तिथल्या एका चाळीच्या मालकाने आपल्या विहिरीवरचा गोल खरडून टाकला. बाई परत गेल्या, परत काढला. तो धावत आला. "मॅडम, क्या लगा रखा है? हे बघून माझी खोली भाड्याने कोण घेणार?"

"खोली द्या ना भाड्याने. विहीर नका देऊ."

"मी परत पुसणार!"

"पुसा. माझ्याकडे डबा मोठा आहे."

तीनदा त्याने पुसला, तीनदा बाईंनी काढला. चौथ्यांदा त्याने विहिरीवर जाळी टाकून कुलूप लावलं आणि चाळीला नळाची जोडणी घ्यायला अर्ज केला, असं ऐकलं. जोडणी मिळायला दीड वर्ष लागलं. सगळ्यांनाच मिळाली असंही नाही.

तिसऱ्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोपाला भाषणं झाली, बाईंनी चारच वाक्यं बोलून खडू ठेवला. त्यानंतर मी पगाराच्या पहिल्या रविवारी बेलवलीहून रेल्वेचा पूल ओलांडून कात्रपला त्यांच्या फ्लॅटवर जायची. दोनशे द्यायची, चहा प्यायची, प्रश्न विचारायची. आमचे हेसुद्धा आता चिडत नव्हते. महिना सुरू झाला की म्हणायचे, "तुझ्या बाईंचे बाजूला काढलेस ना? नाहीतर मला ओरडायच्या." एकदा त्यांनीच विचारून पाठवलं, बाईंना विचार की आपल्या बिल्डिंगचं बोअर मारताना दोनशे फुटांवर लाल माती का लागली.

बत्तीस हप्ते झाले आणि एक दिवस बाईंचा फोन आला. भाऊ पुण्याला असतो, गुडघे आता जिने चढू देत नाहीत, रविवारी सामान हलतंय. फोन ठेवल्यावर मी हिशेब केला. चार हप्ते राहत होते, आठशे रुपये. दिवाळीला साडीसाठी साठवलेले माझ्याकडे होते. पुण्याला काही मी दर महिन्याला जाणार नव्हते, आणि जाणार नाही म्हणून बुडवणार तर मुळीच नव्हते.

रविवारी गेले तेव्हा कात्रपच्या त्या गल्लीत टेम्पो उभा होता आणि सामान हलवणारे दोघं घामाघूम. जिन्यात एकाने खोका खाली आपटला. "मॅडम, ह्यात काय दगड भरलेत काय?"

"हो," बाई वरून म्हणाल्या. "सावकाश. ते फुटले तर मला दुसरी साडेसहा कोटी वर्षं थांबावं लागेल."

घरात खुर्चीसुद्धा उरली नव्हती. बाई एका बांधलेल्या खोक्यावर बसल्या होत्या, मी दुसऱ्यावर बसले. मी रुमाल सोडून पैसे पुढे केले.

"हे एकदम?" त्यांनी भुवया उचलल्या. "कुणाकडून उसने आणलेत?"

"नाही बाई. माझेच आहेत."

"नक्की?"

"नक्की."

त्या मोजायला लागल्या. बोटं आता पूर्वीसारखी चपळ नव्हती. शंभराच्या आठ नोटा, एकेक सुटी करत. तेवढ्यात तो खोका आपटणारा दारात येऊन उभा राहिला. त्याने कपाळ पुसत पाहिलं आणि मला म्हणाला, "काय आज्जे, जाता जाता पण तुझ्याकडून वसुली?" मग बाईंकडे वळून, "सोडा ना मॅडम, गरीब बाई आहे. काय एवढ्याशा पैशांचं?"

बाईंनी मान वर केली. त्या बोलणार होत्या. पण त्यांच्याआधी मीच बोलले. अनोळखी माणसाशी, पुरुषाशी, इतक्या मोठ्याने मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

"माझी चूक होती, ती मी भरतेय. तू तुझा खोका उचल, भाऊ."

तो "बरं बरं" करत आत गेला.  बाई पुन्हा पहिल्या नोटेपासून मोजायला लागल्या, कारण मध्ये गणती चुकली होती. शंभर, दोनशे, तीनशे. मी घाई केली नाही. आठशे झाले तेव्हा त्यांनी खाकी वही मागवली, बांधून ठेवलेल्या सामानातून ती शोधायला त्या मुलांना दोन खोके परत उघडावे लागले आणि ते कुरकुरले. बाईंनी पान काढलं. वरपासून खालपर्यंत माझे बत्तीस दोनशे होते. त्याखाली त्यांनी आठशे लिहिले, बेरीज केली, आणि वही माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तुम्हीही करून बघा."

मी बोट ठेवत ठेवत बेरीज केली. सात हजार दोनशे. बरोबर होते.

बाईंनी खाली सही केली आणि मला पेन दिलं. मीही केली. मग त्यांनी नोटा दुमडून पर्समध्ये, हातोडीशेजारी ठेवल्या आणि चेन ओढली.